उत्तर येण्याआधीचे उपचार

शाळेत जाणारे, तोवर पूर्ण धडधाकट असलेले मूल तापाने आजारी पडते. घसा दुखतो, थोडी सर्दी असते, एखाददुसरी उलटी होते आणि दोन-तीन दिवसांत ताप उतरतोही. घरचे निर्धास्त होऊ लागतात, आणि नेमक्या त्याच सुमारास, ताप गेलेला असताना किंवा पुन्हा किंचित चढलेला असताना, त्या मुलाला आयुष्यातली पहिली आकडी येते. चेहरा एका बाजूला ओढला जातो, डोळे एकीकडे वळतात, ओठांच्या कडेने लाळ गळू लागते. थोड्या वेळाने दुसरी आकडी येते, मग तिसरी. एक-दोन दिवसांत त्या इतक्या वाढतात की मोजणारी परिचारिका तक्त्यावर आकडा लिहायचा सोडून ‘वारंवार’ असा शेरा मारते. आठवडा उलटण्याच्या आत ते मूल कृत्रिम श्वासोच्छ्वासावर आणि औषधांनी आणलेल्या बेशुद्धीत असते, आणि मेंदूच्या आलेखावर झटके तरीही उमटत राहतात. या आजाराला त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘फायर्स’ म्हणतात, आणि आमच्या अतिदक्षता विभागातही तोच शब्द वापरला जातो.

मी डॉक्टर नाही. एका मोठ्या शहरातल्या मुलांच्या रुग्णालयात मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. आमच्या खात्याकडे एरवी बिनमिठाची भाजी, मधुमेही मुलांची न्याहारी, कुपोषित बाळांचे दूध अशी कामे असतात, आणि अतिदक्षता विभागात आमचा आवाज सहसा सर्वांत शेवटी ऐकला जातो. हा आजार त्याला अपवाद आहे. औषधांमागून औषधे हरत असताना आहार हाच येथे एक उपचार ठरू शकतो, आणि म्हणून या मुलांच्या खाटेजवळ मी माझ्या पदाच्या मानाने बरेच उभी राहिलेली आहे.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर हे वाचून एखादी आई लेकराच्या साध्या तापातही रात्रभर जागी राहील. सहा महिने ते पाच वर्षे या वयात तापाबरोबर येणारी आकडी ही फार सामान्य गोष्ट आहे. शंभरातल्या दोन ते पाच मुलांना ती कधी ना कधी येते, बहुधा काही मिनिटांत थांबते आणि बहुतेक मुलांच्या मेंदूवर तिचा कोणताही परिणाम राहत नाही. फायर्स हा त्या आकडीचा वाढलेला अवतार नव्हे. तो साधारण दहा लाख मुलांमागे एखाद्याला होणारा, अतिशय दुर्मीळ असा वेगळा आजार आहे. दोन्हींमध्ये घरच्यांनी करायचे पहिले काम मात्र एकच आहे: मुलाला कुशीवर वळवायचे, तोंडात चमचा, बोट किंवा पाणी काहीही घालायचे नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडायचा नाही आणि घड्याळ पाहायचे. पाच मिनिटे उलटूनही झटका चालू असेल, किंवा शुद्ध न येता दुसरा झटका सुरू झाला, तर सरळ रुग्णालय गाठायचे. आमच्याकडे आलेल्या एका मुलाच्या मुठीत आजोबांनी दिलेली लोखंडी किल्ली होती आणि ती त्याने इतकी घट्ट धरलेली होती की तळहातावर तिचे दाते उमटले होते. आजोबांवर रागावण्याचे कारण नाही. त्यांच्या हाताशी जे होते ते त्यांनी दिले. राग यायचाच असेल तर तो याचा यावा की, नाकात फवारायचे मिडाझोलाम हे झटका थांबवणारे औषध आपल्याकडे मिळत असूनही गावातल्या दवाखान्यांत ते क्वचितच दिसते.

या आजाराची वर्णने जगभर वेगवेगळ्या नावांनी होत आली. जपानमधील डॉक्टरांनी त्याला एक नाव दिले होते, फ्रान्समधील डॉक्टरांनी २००६ साली दुसरे दिले, आणि जर्मनीतील आंद्रेआस फान बालेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली आजचे नाव रूढ केले. २०१८ साली तज्ज्ञांनी एकमताने व्याख्या ठरवली, तेव्हा हा आजार ‘नॉर्स’ या मोठ्या गटाचा भाग मानला गेला. आधी अपस्मार नसलेल्या माणसाला अचानक, औषधांना न जुमानणारे आणि न थांबणारे झटके सुरू व्हावेत आणि त्यामागे गाठ, विषबाधा, रक्तातील क्षारांचा बिघाड असे कोणतेही उघड कारण नसावे, म्हणजे नॉर्स. आणि अशा झटक्यांच्या आधी, चोवीस तास ते दोन आठवडे या अवधीत, ताप आणणारा संसर्ग सुरू झालेला असेल तर तो फायर्स. ही व्याख्या नीट वाचली की लक्षात येते की तिच्यात आजार कोणता आहे यापेक्षा तो कोणता नाही हेच अधिक सांगितलेले आहे.

म्हणून पहिले काही दिवस शोधात जातात. आपल्या देशात ताप आणि झटके यांच्यामागे काय काय असू शकते त्याची यादी युरोपातल्या यादीपेक्षा बरीच लांब आहे. जपानी मेंदूज्वर, डेंग्यू, मेंदूचा मलेरिया, क्षयाचा मेंदूज्वर, स्क्रब टायफस, नागिणीच्या गटातील विषाणू, मेंदूतल्या फीतकृमीच्या गाठी हे सारे तपासावे लागते. त्या यादीत चांदीपुरा विषाणूही असतो. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातील तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना तो प्रथम सापडला, २००३ साली आंध्र प्रदेशातील साथीत नोंदल्या गेलेल्या ३२९ मुलांपैकी १८३ दगावली, आणि २०२४ साली गुजरातेत त्याने पुन्हा डोके वर काढले. वाळूमाशीमार्फत पसरणारा तो आजार काही तासांत मुलाला बेशुद्ध करतो, त्यामुळे विदर्भातून आलेल्या मुलाच्या बाबतीत हा प्रश्न कोणीही सोडून देत नाही. यांखेरीज शरीराने स्वतःच्याच मेंदूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे शोधावी लागतात. या सर्वांसाठी पाठीच्या कण्यातले पाणी काढावे लागते, आणि ‘पाठीतले पाणी काढले की मूल अधू होते’ ही भीती आजही इतकी खोल रुजलेली आहे की त्या एका सहीसाठी कधीकधी गावाकडून मामा येईपर्यंत थांबावे लागते.

मग अहवाल येऊ लागतात आणि एकामागून एक सगळे कोरे निघतात. पाणी स्वच्छ असते किंवा त्यात पेशी किंचितच वाढलेल्या असतात. सुरुवातीचा एमआरआय पुष्कळदा निर्दोष असतो. नातेवाइकांना ही आनंदाची बातमी वाटते. “मॅडम, सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत,” असे एका वडिलांनी मला मार्गिकेत थांबवून सांगितले होते, आणि त्यांच्या आवाजातली आशा ऐकून मी काहीच बोलू शकले नाही. कारण या आजारात सगळे अहवाल निर्दोष येणे म्हणजेच निदान जवळ येणे होय, हे सांगण्याचे काम माझे नव्हते.

औषधांची शिडी ठरलेली असते. आधी लोराझेपाम किंवा मिडाझोलाम, मग लेव्हेटिरासिटाम, फेनिटॉइन किंवा व्हॅल्प्रोएट यांपैकी एक. ही दोन टप्प्यांतली औषधे योग्य मात्रेत देऊनही झटके थांबले नाहीत की त्यांना दुर्दम्य म्हणतात. त्यानंतर भुलीची औषधे येतात: मिडाझोलामचा सततचा ठिबक, केटामाइन, थायोपेंटाल. भुलीच्या औषधांनंतरही चोवीस तास झटके टिकले, तर ती अतिदुर्दम्य अवस्था होते, आणि फायर्सची बहुतेक मुले तेथवर पोचतात. मेंदू इतका गाढ झोपवता येतो की आलेखावर रेघ जवळपास सपाट होऊन अधूनमधूनच उसळी घेते. त्या वेळी झटके थांबलेले दिसतात, पण औषध कमी केले की ते परततात. २०११ साली उरी क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक देशांतील अशा ७७ मुलांची माहिती एकत्र केली, तेव्हा एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसली: ही गाढ बेशुद्धी जितकी लांबली, तितकी पुढे मुलाची बौद्धिक स्थिती वाईट होती. अधिक आजारी मुलांनाच अधिक काळ झोपवावे लागले असेल, हा आक्षेप रास्तच आहे. तरीही तेव्हापासून ‘झटका दिसला की औषध वाढवा’ हा सरळ हिशेब डळमळला, आणि झटके पूर्ण थांबवण्यासाठी मेंदूची किती किंमत मोजायची हा प्रश्न खाटेजवळ उघडपणे चर्चिला जाऊ लागला. त्या ७७ मुलांपैकी ९ दगावली, आणि जी ६८ वाचली त्यांतल्या केवळ १२ मुलांची बुद्धी पूर्ववत राहिली.

याच टप्प्यावर मला बोलावणे येते. कीटोजेनिक आहार हा शब्द आता वजन उतरवणाऱ्यांनी पळवला आहे आणि लग्नाआधी दहा किलो कमी करू पाहणाऱ्या मंडळींचे फोन मला अजूनही येतात. पण हा आहार जन्मला तो अपस्मारासाठी. उपवासाने आकड्या कमी होतात हे जुन्या काळापासून माहीत होते. उपाशी शरीर साखरेऐवजी चरबी जाळते आणि त्यातून कीटोन नावाची द्रव्ये रक्तात येतात. उपाशी न ठेवता तीच अवस्था आणता येईल, असे १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील रसेल वाइल्डर यांनी सुचवले. १९३८ साली फेनिटॉइन आले आणि गोळी सोपी असल्याने आहार मागे पडला. २०१० साली पॅरिसमधील रीमा नाबूत यांनी फायर्सच्या ९ मुलांना हा आहार दिल्याचे प्रसिद्ध केले; त्यांतल्या ७ मुलांचे झटके, लघवीत कीटोन दिसू लागल्यानंतर दोन ते चार दिवसांत आटोक्यात आले. त्या सातांपैकी एकाचा आहार लवकर तोडला गेला, झटके परतले आणि ते मूल वाचले नाही. नऊ मुलांचा अनुभव हा फार मोठा पुरावा नव्हे, हे मला समजते. पण ज्या आजारात बाकी सगळे अपयशी ठरत होते, त्यात नवातल्या सातांकडे दुर्लक्ष करणे कोणालाच शक्य नव्हते.

कागदावर हा आहार म्हणजे एक गुणोत्तर आहे. ४:१ म्हणजे चार ग्रॅम स्निग्ध पदार्थांमागे प्रथिने आणि कर्बोदके मिळून एक ग्रॅम. दिवसाला हजार कॅलरी लागणाऱ्या मुलाला शंभर ग्रॅम चरबी आणि उरलेले दोन्ही मिळून फक्त पंचवीस ग्रॅम द्यायचे असतात. त्यांतले वीस ग्रॅम प्रथिनांना दिले की कर्बोदकांसाठी पाच ग्रॅम उरतात, म्हणजे चहात घालतो तेवढी एक चमचा साखर, तीही अख्ख्या दिवसासाठी. बेशुद्ध मुलाला हे सारे नाकातून जठरात सोडलेल्या नळीवाटे, पातळ मिश्रणाच्या रूपात द्यावे लागते. तयार डबे महाग असतात आणि ते मिळेपर्यंत दोन दिवस जाऊ शकतात, म्हणून साय, तेल आणि प्रथिनांची भुकटी तोलून आम्ही ते मिश्रण आमच्याच स्वयंपाकघरात करतो.

खरे काम मात्र स्वयंपाकघराबाहेर असते. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या एका बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते. कोणी सवयीने ती बाटली लावली की तीन दिवसांची मेहनत एका पाळीत वाया जाते. तापाच्या गोड सिरपच्या एका चमच्यात दोन-तीन ग्रॅम साखर असू शकते. गोळ्या कुटून नळीतून द्यायच्या तर त्यांच्यातला स्टार्च मोजावा लागतो. टूथपेस्ट तपासावी लागते. म्हणून अशा मुलाच्या खाटेवर आम्ही मोठ्या अक्षरांत ‘साखर नाही’ अशी पाटी लावतो, औषधांच्या यादीतील प्रत्येक ओळीपुढे कर्बोदकांचा आकडा लिहितो आणि प्रत्येक पाळीच्या परिचारिकेला नव्याने समजावतो. प्रोपोफॉल हे भुलीचे औषध या आहाराबरोबर चालत नाही, हे डॉक्टरांना माहीत असते. पण रात्री दोन वाजता बदली आलेल्या निवासी डॉक्टरला ते कोणीतरी आठवून द्यावे लागते. स्टेरॉइडांमुळे रक्तातली साखर वाढते आणि कीटोन तयार व्हायला उशीर होतो. शिवाय चरबी जाळण्याच्या प्रक्रियेतच जन्मजात दोष असलेल्या मुलाला हा आहार प्राणघातक ठरू शकतो, त्यामुळे ती तपासणी टाळून घाई करता येत नाही.

साताऱ्याकडच्या एका आजींनी मला तुपाचा डबा दिला होता. “म्हशीचं घरचं हाये, बाई. तुमी तेलंबिलं पाजताय त्यापरीस हे द्या पोराला.” अतिदक्षता विभागात घरचे काही नळीतून देता येत नाही, पण आहाराच्या हिशेबाने आजींचे म्हणणे चूक नव्हते, तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांशच. मी त्यांना सांगितले की नातू घरी आला की हेच तूप ग्रॅमवर तोलून द्यायचे आहे, तोवर कढवून ठेवा. त्यांनी लगेच विचारले, “तोलून म्हंजी किती?” त्या अख्ख्या आठवड्यात मला आकड्यात उत्तर देता येईल असा तो एकमेव प्रश्न होता.

आहाराच्या जोडीला दुसरी वाट उघडली आहे ती प्रतिकारशक्तीच्या बाजूने. या मुलांच्या मेंदूत जंतू सापडत नाहीत, पण जंतूंशी लढताना पेटलेला दाह विझत नसावा, असा संशय वाढत गेला. इंटरल्यूकिन-१ या दाह भडकवणाऱ्या द्रव्याला आवर घालणारे एक प्रथिन आपल्या शरीरात असते. फायर्सच्या मुलांत ते नीट काम करत नाही असे २०१९ साली दाखवले गेले. त्याच प्रथिनाची औषधी आवृत्ती म्हणजे संधिवातासाठी वापरले जाणारे अनाकिन्रा, आणि २०१६ साली फायर्स झालेल्या ३२ महिन्यांच्या एका मुलीवर त्याचा गुण आल्याची नोंद झाली. दक्षिण कोरियात नॉर्सच्या ७ प्रौढ रुग्णांना टोसिलिझुमॅब हे दाह आवरणारे दुसरे औषध दिले, तेव्हा ६ जणांचे झटके थांबले. अनाकिन्रा आपल्याकडे सहज मिळत नाही. टोसिलिझुमॅबचे नाव मात्र २०२१ च्या करोना लाटेत महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचले होते. एका कुपीसाठी लोक शहरे पालथी घालत होते. त्यामुळे डॉक्टर ते नाव उच्चारतात तेव्हा नातेवाइकांच्या चेहऱ्यावर ओळखीची धास्ती दिसते, आणि हे औषध आता दुकानात मिळते हे सांगूनही ती चटकन जात नाही.

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी या सगळ्याला वेळापत्रक दिले. स्टेरॉइड किंवा इम्युनोग्लोब्युलिन यांसारखे प्रतिकारशक्तीवरचे पहिल्या फळीतले उपचार ७२ तासांत सुरू करावेत; गुण आला नाही आणि कारणही सापडले नाही, तर कीटोजेनिक आहार आणि दुसऱ्या फळीतली औषधे ७ दिवसांच्या आत. या शिफारशी मोठ्या तुलनात्मक चाचण्यांवर उभ्या नाहीत, कारण इतक्या दुर्मीळ आजारात तशा चाचण्या झालेल्याच नाहीत. त्या अनुभवी डॉक्टरांच्या एकमतावर उभ्या आहेत. तरीही माझ्या मते त्यांनी फार मोठे काम केले. पूर्वी शेवटचा अहवाल येईपर्यंत थांबण्याची रीत होती आणि आहाराचा विचार तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, बाकी सगळे संपल्यावर होई. आता प्रतिपिंडांचा अहवाल प्रयोगशाळेतच असताना उपचार सुरू होतात. कारण कळले नाही तरी दिवस थांबत नाहीत, आणि झटक्यांत गेलेला प्रत्येक दिवस मेंदूच्या खात्यातून वजा होतो.

याचा एक परिणाम असा की पालकांना दिलेली कारणे कधीकधी आमच्याच कृतीशी विसंगत वाटतात. “आजार कशाने झाला ते माहीत नाही म्हणता, मग एवढी महाग औषधे कशाच्या भरवशावर देता?” असे एका आईने समुपदेशनाच्या खोलीत विचारले. आमच्या वरिष्ठ डॉक्टरांनी तिला गोलमाल उत्तर दिले नाही. या औषधाने गुण येईल याची खात्री नाही, काही मुलांना आलेला आहे, थांबलो तर नुकसान होईल हे मात्र बऱ्यापैकी ठाऊक आहे, असे त्यांनी शांतपणे सांगितले आणि सहीचा कागद पुढे न करता तसाच ठेवला. ती बाई उठून बाहेर गेली, नवऱ्याशी बोलली, परत आली आणि कुठे सही करायची ते विचारले. अशा मोजक्या संभाषणांत मला वैद्यकाविषयी जो आदर वाटला, तो कुठल्याही यंत्रापुढे वाटला नव्हता.

झटके थांबतात तेव्हा ते एकदम थांबत नाहीत; ते विरळ होत जातात, आणि भूल उतरवताना पुन्हा थोडे वाढतात. जी मुले वाचतात त्यांपैकी बहुतेकांना अपस्मार कायम राहतो. क्रेमर यांच्या मालिकेत वाचलेल्या मुलांपैकी ९३ टक्के मुलांचा अपस्मार औषधांना दाद न देणारा होता. चालणे बहुतेकदा परत येते. स्मरणशक्ती, शब्द आणि रागावरचा ताबा यांचे सांगता येत नाही. बाह्यरुग्ण विभागात मला दिसणारी ही मुले पाहिली की अतिदक्षता विभागातले यश किती अपुरे असते ते कळते. तिथे आम्ही ‘वाचला’ म्हणून निश्वास टाकलेला मुलगा इथे तिसरीतले पाढे विसरून बसलेला असतो.

आजींचा नातू असाच येतो. त्याच्या घरी वजनकाटा आहे, तूप तोलले जाते, भाकरीऐवजी बदामाच्या पिठाची छोटी पोळी होते आणि कीटोन तपासण्याच्या पट्ट्या आई न चुकता वहीत नोंदवते. मूतखडा होऊ नये म्हणून पाणी जास्त, हाडांसाठी कॅल्शियम, रक्तातल्या चरबीची ठरलेल्या वेळी तपासणी, हे सारे चालू आहे. त्याला आता महिन्यातून काही लहान झटके येतात, तेही बहुधा झोपेत. हा आहार साधारण दोन वर्षांनी हळूहळू सोडवतात, म्हणून गुणोत्तर ४:१ वरून ३:१ करावे असे डॉक्टरांनी सुचवले आहे. आईला ते हवे आहे, कारण मुलगा शेजारच्या पोरांच्या हातातले बिस्कीट पाहून रडतो. वडिलांना ते नको आहे. आहार तोडल्यावर काय होऊ शकते ते त्यांनी एकदा आमच्याच तोंडून ऐकलेले आहे आणि ते विसरायला ते तयार नाहीत. गेल्या भेटीत बराच वेळ बोलणे झाले आणि शेवटी ३:१ करून पाहायचे ठरले, मात्र मोठ्या मुलीची दहावीची परीक्षा संपल्यावर. झटके परतलेच, तर घरातल्या दोघांनाही पुन्हा रुग्णालयात मुक्कामाला यावे लागेल, एवढा हिशेब त्यांनी आधीच केलेला होता.